सह्या झालेल्या करारांचे पोलीस ठाण्यात काय होते?

ग्रंथपाल_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार. सोलापुरातील एका सार्वजनिक वाचनालयात मी काम करतो. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी तीसेक मुले-मुली बसतात आणि येत्या १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, त्यांच्यासमोर तासभर बोलण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. सनावळ्या त्यांना माझ्यापेक्षा चांगल्या पाठ आहेत. १९४८ चा मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा, १९७९ मध्ये भारताने स्वीकारलेले दोन आंतरराष्ट्रीय करार, १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा आणि त्याच वर्षीचा राष्ट्रीय आयोग हे सारे त्यांच्या वहीत आहेच. त्यामुळे तेच पुन्हा सांगून त्यांचा वेळ घालवावा असे मला वाटत नाही.

अडचण वेगळीच आहे. त्याच अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलीचा धाकटा भाऊ, वय वर्षे एकोणीस, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला आहे. कुटुंब सेटलमेंट भागात राहते. गेल्या वैशाखात जवळच्या एका कॉलनीत घरफोडी झाली आणि त्याच रात्री साडेअकराच्या सुमारास वस्तीवर पोलिसांची गाडी आली. गच्चीवर झोपलेल्या चार मुलांना ‘चौकशीसाठी’ म्हणून नेले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडून दिले. या मुलाचे दोन्ही तळपाय इतके सुजले होते की पुढचे आठ दिवस त्याला मागापाशी उभे राहता आले नाही. त्याच्यावर गुन्हा नोंदवला नाही, अटक दाखवली नाही आणि घरच्यांच्या हाती कसलाही कागद दिला नाही. त्याची आई विड्या वळते. वाचनालयात येऊन ती मला म्हणाली, “सर, धरला असं कुठंच लिवलं नाही म्हणत्यात, मग सोडला असं तरी कुठं लिवलं असंल?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सरकारने जगासमोर, संसदेत आणि न्यायालयात जे मान्य केले आहे, ते ठाण्याच्या पायरीपाशी नेमके कुठे गळून पडते? ते पाळण्यासाठी मान्य केलेलेच नसते, की वरून खाली येता येता हरवते? आणि ज्यांच्यापैकी काही जण उद्या स्वतःच अधिकारी होणार आहेत, त्या मुलांना मी काय सांगावे? ठाण्याचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. कृपया ते ओळखण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

काळाकोट

सर, जिल्हा न्यायालयात अठरा वर्षे फौजदारी वकिली करतो आहे, त्यामुळे तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात मला नवे काही वाटले नाही, हे आधीच कबूल करतो.

प्रथम करारांविषयी. करारावर सही केली म्हणून तो आपल्याकडे आपोआप कायदा ठरत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५३ प्रमाणे संसदेला त्यासाठी कायदा करावा लागतो. नागरी आणि राजकीय हक्कांचा करार भारताने १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला, परंतु स्वीकारतानाच त्याच्या नवव्या अनुच्छेदाबाबत असे नोंदवून ठेवले की, बेकायदा अटक झालेल्या व्यक्तीला भरपाई मागण्याचा हक्क भारतीय कायद्यात नाही. म्हणजे दार उघडतानाच कडी हाताशी ठेवलेली होती. ही कडी पुढे सर्वोच्च न्यायालयाने बरीचशी निकामी केली. बिहारमधील रुदुल साह हा माणूस निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे तुरुंगात पडून होता. त्याला १९८३ मध्ये भरपाई मिळाली. १९९३ मध्ये ओडिशातील नीलाबती बेहेरा यांना, त्यांचा मुलगा पोलीस कोठडीत असताना मरण पावल्याबद्दल, दीड लाख रुपये देण्याचा आदेश झाला आणि त्या निकालात न्यायालयाने याच कराराच्या याच अनुच्छेदाचा आधार घेतला. सरकारने जे मागे ठेवले होते ते न्यायालयाने पुढे आणले, असे तुम्ही मुलांना खुशाल सांगू शकता.

छळविरोधी कराराची कथा याहून लाजिरवाणी आहे. त्यावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. अनुसमर्थन, म्हणजे करार स्वतःवर बंधनकारक असल्याची औपचारिक मान्यता, मात्र अद्याप केलेले नाही. २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि पुढे ते व्यपगत झाले, म्हणजे कायदा न होताच संपले. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७३ व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस केली आणि सोबत विधेयकाचा मसुदाही जोडून दिला, तरीही पान हलले नाही.

आता ठाण्याच्या पायरीपाशी येऊ. १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेच्या वेळी काय काय करायचे ते घालून दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेच्या कागदावर वेळ, तारीख आणि घरच्या किंवा परिसरातील प्रतिष्ठित माणसाची सही हवी, नातेवाइकांना कळवले पाहिजे आणि दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. ही कलमे आता कायद्यातही आलेली आहेत आणि माझा अनुभव असा की, अटक ‘दाखवली’ की हे कागद बऱ्यापैकी पुरे केले जातात. तुमच्या त्या मावशींनी बोट ठेवले आहे ते मात्र अटकेच्या आधीच्या जागेवर. ‘ताब्यात घेतले’, ‘चौकशीसाठी आणले’, ‘बसवून ठेवले’ ही कायद्याची भाषाच नव्हे. तरी अनुच्छेद २२ मधील चोवीस तासांचे घड्याळ अटकेची वेळ लिहिल्यावरच सुरू होते, असे गृहीत धरून व्यवहार चालतो. वास्तविक माणसाला ठाण्यातून उठून जाण्याची मोकळीक नसेल तर ती अटकच होय, मग तिला नाव काहीही द्या. अटकेची गरज नसताना चौकशीला बोलवायचे असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३५ खाली लेखी नोटीस द्यायची असते. रात्री साडेअकराला गच्चीवरून उठवून नेणे हा त्या नोटिशीचा पर्याय नव्हे.

एक तातडीची गोष्ट. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे असावेत आणि ते चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवावे असा आदेश आहे. दुसरीकडे, घटनेला एक वर्ष उलटल्यावर मानवी हक्क आयोगाला त्या तक्रारीची चौकशी करता येत नाही. १९९३ च्या कायद्याचे कलम ३६ वाचा. वैशाखापासून सात महिने होत आले. भाषणाची तयारी नंतर करा, आधी त्या चित्रणाचा अर्ज करा.

तारेपलीकडचा

वकीलसाहेबांनी सुरुवात १९७९ पासून केली. आमच्या घरात ती बरीच आधी होते.

माझे आजोबा कैकाडी. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाच्या आत ते वाढले. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवण्यासाठी इंग्रजांनी ती उभारली होती. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेरगावी जायचे तर पास घ्यायचा आणि गिरणीतले काम संपले की परत तारेच्या आत यायचे, असा तो शिरस्ता होता. अखेरच्या वर्षांतही आजोबा रात्री घराबाहेर पडताना ‘जाऊन येतो’ असे कधी म्हणाले नाहीत. ‘जाऊ का’ असे विचारायचे. घरात त्यांच्याहून मोठे कोणी उरलेले नव्हते, तरी विचारायचे.

१० डिसेंबर १९४८ रोजी भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. त्याच्या पहिल्या कलमात पुरुषवाचक शब्द होता, तो बदलून सर्व माणसे असा अर्थ देणारा शब्द घालायला लावण्याचे श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी, माणसाला जन्मापासून गुन्हेगार मानणारा कायदा या देशात लागू होता. देशपातळीवर तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे समतेचे वचन देणारे संविधान अमलात आल्यानंतर अडीच वर्षांनी. आमचा स्वातंत्र्यदिन तो. सोलापूरची तार तर १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हातून तुटली असे आमच्याकडे सांगतात. दरम्यान १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला होता. जमात गेली आणि सराईत आला. वस्तीवर येणारी गाडी तीच राहिली.

वांशिक भेदभावाविरुद्धच्या कराराचे अनुसमर्थन भारताने १९६८ मध्ये केले. त्या कराराच्या समितीने २००७ मध्ये सराईत गुन्हेगार कायदा रद्द करा असे भारताला स्पष्टपणे सुचवले, आणि त्याच्या काही वर्षे आधी आपल्याच राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही तीच शिफारस केली होती. विमुक्त (म्हणजे गुन्हेगार जमातींच्या यादीतून मोकळ्या झालेल्या) आणि भटक्या जमातींसाठीच्या रेणके आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, पुढे इदाते आयोग झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधील जातिभेदाची कलमे घटनाबाह्य ठरवली, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी आधीच्या निकालांतील दंडक पाळावेत असे पोलिसांनाही बजावले. ‘सराईत’ कोणाला म्हणायचे याचा आधार कायद्यातली व्याख्या असावी, जमात नव्हे, हे सांगायला २०२४ साल उजाडावे लागले.

आणखी एक गाठ मुलांना जरूर दाखवा, कारण ती परीक्षेत विचारत नाहीत. कैकाडी विदर्भातील जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतात आणि सोलापुरात विमुक्त जातीत. परिणामी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा नागपूरच्या माझ्या मेहुण्याच्या पाठीशी उभा राहतो, माझ्या पाठीशी नाही. दोघांचे आडनाव, देव आणि बोली एकच आहे.

आवक_जावक

मी पोलीस खात्यातला नव्हे. एका जिल्हास्तरीय कार्यालयात तेहतीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झालो. ‘वरून खाली येता येता हरवते का’ या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या टेबलावरून दिसत असे, म्हणून लिहितो.

काही हरवत नाही. न्यायालयाचा निकाल मंत्रालयात येतो, तिथून शासन परिपत्रक निघते, ते विभागाकडे, विभागाकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून तालुक्याकडे ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ जाते. प्रत्येक टप्प्यावर एक पृष्ठांकन होते आणि जावक क्रमांक पडतो. पत्र पुढे पाठवले की आमच्यापुरती अंमलबजावणी झालेली असते. मग काही महिन्यांनी वरून स्मरणपत्र येते की अनुपालन अहवाल त्वरित सादर करावा, आणि खालून विहित नमुन्यात अहवाल येऊ लागतात. कोठडीतील गैरवर्तनाच्या तक्रारींचा असाच एक तिमाही तक्ता काही वर्षे माझ्याकडे होता. स्तंभ सात. पहिल्यात अनुक्रमांक, दुसऱ्यात तालुक्याचे नाव, आणि तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत सरळ एक रेघ मारून तिच्यावर लिहिलेले असे: निरंक.

सगळे तालुके निरंक. मी त्यांची बेरीज करून जिल्हा निरंक म्हणून कळवत असे. ते खोटे होते असे मी शपथेवर सांगू शकणार नाही, कारण तक्रार नोंदवण्याची वहीच जिथे ठेवलेली नव्हती तिथे नोंद शून्यच असणार. एकदा एका नव्या साहेबांनी विचारले की निरंक म्हणजे तक्रार झाली नाही, की तक्रार घेतली नाही? सगळे कार्यालय गप्प झाले. साहेबांची बदली पुढे रीतसर मुदतीतच झाली. मी कथा रंगवत नाही. त्यांनी तक्त्यात आठवा स्तंभ घालायला सांगितला होता, ‘नोंदवही ठेवली आहे काय’. पुढच्या तिमाहीत त्या स्तंभाखालीही निरंक आले.

वकीलसाहेबांनी ज्या करारांचा उल्लेख केला त्यांचेही नियतकालिक अहवाल देशाला द्यावे लागतात. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराखाली भारताची तपासणी १९९७ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट जुलै २०२४ मध्ये, सत्तावीस वर्षांनी. तालुक्याने तक्ता तीन दिवस उशिरा दिला तर त्याला कारणे दाखवा नोटीस काढणाऱ्या व्यवस्थेचा मी एक नोकर होतो, म्हणून मला हे विशेष लागले.

माजी_ठाणे_अंमलदार

वाचत होतो, गप्प बसवले नाही. मारहाणीचे समर्थन मी करणार नाही. केली असेल तर तो गुन्हा आहे. पण आपण सगळे ठाण्याकडे बोट दाखवता तेव्हा ठाण्याकडे कोण बघते तेही पाहा. ज्या कॉलनीत घरफोडी झाली तिथले लोक दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यासमोर असतात, वर्तमानपत्रात बातमी येते आणि गुन्हे आढावा बैठकीत साहेब एकच विचारतात, उघडकीस किती आणले? अटकेचा कागद किती काळजीपूर्वक भरला, हे मला तीस वर्षांत एकाही बैठकीत कोणी विचारले नाही. बंदोबस्त, यात्रा, व्हीआयपी दौरे, समन्स आणि न्यायालयाच्या तारखा सांभाळून उरलेल्या वेळात तपास करायचा असतो. बोटांचे ठसे, मोबाइलचे तांत्रिक विश्लेषण यांना दिवस लागतात; रेकॉर्डवरच्या वस्तीवर जायला दहा मिनिटे लागतात. मानवी हक्कांचे प्रशिक्षण मलाही मिळाले. एक दिवसाचे होते, जेवण चांगले होते, आणि परत आलो तेव्हा टेबलावर चार प्रलंबित घरफोड्या तशाच होत्या.

ज्याच्या घरातून सोने गेले त्यालाही हक्क असतात, एवढेच माझे म्हणणे.

काळाकोट

साहेब, आपला पहिला परिच्छेद या संपूर्ण चर्चेतला सर्वांत उपयोगी आहे आणि शेवटच्या वाक्याशी माझा वाद नाही. मात्र त्या चार मुलांना तीन दिवस बसवून ज्याचे सोने गेले त्याला ते परत मिळाले का? माझ्या अनुभवात मिळत नाही. खरा चोर तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो.

आपण ‘बैठकीत कोणी विचारत नाही’ म्हणालात त्याला कायद्यातलेही एक उदाहरण देतो. १९९३ च्या कायद्याच्या कलम ३० मध्ये प्रत्येक जिल्ह्यात सत्र न्यायालयाला मानवी हक्क न्यायालय म्हणून विनिर्दिष्ट करण्याची तरतूद आहे. ऐकायला मोठे वाटते. पण मानवी हक्कभंगातून उद्भवणारे गुन्हे म्हणजे नेमके कोणते, याची व्याख्या त्या कायद्यात कुठेही नाही. तेव्हा या न्यायालयापुढे चालवायचे काय, यावरच आम्हा वकिलांचे एकमत होत नाही. आयोगाचेही तसेच आहे. तो चौकशी करतो, शिफारस करतो, पण आदेश देऊ शकत नाही. मी अशिलांना आयोगाकडे जाऊ नका असे मुळीच सांगत नाही. तिथे तक्रारीला क्रमांक पडतो आणि ठाण्याला लेखी उत्तर द्यावे लागते. ‘ताब्यात’ आणि ‘अटक’ यांच्यामधल्या जागेत जो माणूस नाहीसा झालेला असतो, तो निदान त्या उत्तरात तरी नावानिशी उमटतो.

तारेपलीकडचा

आवक_जावक काका, तुमचे निरंक वाचून दोन दिवस डोक्यातून गेले नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

आजोबा सांगत की हजेरीच्या वहीत एकही दिवस कोरा जात नसे. कोण आला, कोण उशिरा आला, कोण आजारी, कोणाची बायको माहेरी गेली आणि कोणत्या पासावर गेली, सगळे शाईने लिहिलेले असे. आमच्यावर नजर ठेवायची होती तेव्हा सरकारला कधी मनुष्यबळ कमी पडले नाही. आज त्याच वस्तीतला मुलगा तीन दिवस ठाण्यात बसतो आणि त्याच्या नावाची एक ओळ सापडत नाही. त्यामुळे ही कामाच्या ताणाची गोष्ट आहे असे माजी अंमलदार साहेब म्हणतात ते मला अर्धेच पटते. लिहिण्याची सवय होती. कोणासाठी लिहायचे ते बदलले.

ग्रंथपाल_सोलापूर

सर्वांचे आभार. दहा दिवसांनी लिहितो आहे.

भाषण मी बदलले. मुलांना सनावळ्या न सांगता अटकेच्या कागदात काय काय असावे लागते ते फळ्यावर लिहून दाखवायचे ठरवले आहे, आणि माजी अंमलदार साहेब, ‘आढावा बैठकीत तुम्ही काय विचाराल’ हा प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवणार आहे. तो आपला आहे, हे सांगेन.

अर्ज झाला. वकीलसाहेबांनी सुचवल्याप्रमाणे दोन केले. एक वरिष्ठ कार्यालयाकडे, त्या तीन दिवसांचे चित्रण पुसले जाऊ नये यासाठी, दुसरा आयोगाकडे. लिहायला मावशी आणि त्यांची मुलगी दोघी वाचनालयात आल्या होत्या. मुलाची साक्षच घेतल्यासारखे झाले, कारण तारीख नक्की करताना कोणालाच ती सांगता येईना. शेवटी मावशींनी विड्यांच्या कार्डाची आठवण काढली. त्या रात्रीनंतर तीन दिवस त्यांनी विड्या वळल्या नव्हत्या आणि त्यामुळे कारखान्यात माल जमा केला नव्हता; कार्डावर ते तीन दिवस कोरे होते. वैशाखातल्या त्या तीन कोऱ्या रकान्यांवरून आम्ही अर्जात तारखा घातल्या आणि कार्डाची छायाप्रत सोबत जोडली.

पोस्टात रजिस्टर करून आलो. पोचपावत्या मावशींनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्या आहेत. मुलगा अजून गच्चीवर झोपत नाही, असे त्याची बहीण म्हणाली. उत्तर आले की इथे कळवतो.